शिकती काच

धनपालअप्पा मगदुमांना आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. त्यांच्या गाडीला आजवर ओरखडा आला नव्हता, आणि सूर्य मावळल्यावर त्यांनी कधी घास तोंडात घातला नव्हता. दुसरी गोष्ट घराण्यातून आलेली. जैनाच्या घरात तिचं कुणी कौतुक करत नाही. पहिली मात्र त्यांची स्वतःची कमाई होती. जयसिंगपुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवताना त्यांनी जीप हाकली, टेम्पो हाकला, एकदा तर लग्नाच्या वऱ्हाडाची बसही हाकली. आता दुकान विकून झालं होतं आणि मुलानं घेऊन दिलेली 'वेलोरा' दारात उभी होती. एवढी महागडी गाडी आख्ख्या गल्लीत दुसरी नव्हती.

तोवर स्वतःच स्वतःला चालवणाऱ्या गाड्याही रस्त्यावर आल्या होत्या. पण बाजाराच्या दिवशी जयसिंगपुरात शिरल्या की त्या बिचाऱ्या भाजीवाल्यांमध्ये जागच्या जागी उभ्या राहत आणि मालकाला घाम फुटे. म्हणून आपल्याकडच्या लोकांनी चाक स्वतःच्याच हातात ठेवलं होतं. वेलोरा त्याच लोकांसाठी होती. ती गाडी चालवत नसे, चालवणाऱ्याला सांभाळून घेई. आणि ते सगळं कसब तिच्या समोरच्या काचेत होतं.

ही काच फुटली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. निदान त्या दिवशी तरी नसतं.

कोल्हापूरहून येताना हातकणंगल्याच्या अलीकडे खडीनं भरलेला डंपर पुढं चालला होता. 'टक्' असा एवढासा आवाज झाला. अप्पांनी पाहिलं तर काचेत हरभऱ्याएवढा पांढरा डाग. घरी पोचेपर्यंत त्या डागाला शेपूट फुटलं आणि ते वाढत वाढत काचेच्या मधोमध आलं. अप्पांचा चेहरा असा पडला, की विमलताईंना वाटलं कुणी गेलं की काय.

"अहो, काचच फुटलीय ना? माणूस तर धड आहे!"

"काच म्हणजे काय खिडकीची हाय का ती?" अप्पा करवादले आणि स्पीकरवर टाकून पुण्याला मुलाला फोन लावला.

सन्मती हसला. "अप्पा, बदलून टाकू. मी इथून वेळ घेतो. शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये उद्याच न्या. तुम्हाला काही करायचं नाही, निरोप मलाच येतील."

निरोप सगळे त्यालाच येत. गॅसचा, बँकेचा, विजेच्या बिलाचा. अप्पांच्या फोनवर कसलाही ओटीपी नंबर आला की ते तो कुणालातरी वाचून दाखवतील अशी धास्ती सन्मतीला होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. म्हणून गाडी अप्पांची, पण गाडीला दिलेला फोन नंबर सन्मतीचा आणि कागदोपत्री चालकही सन्मतीच. पोरगा बापाची काळजी घेतो ती अशी. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

"आणि अप्पा, ती तुमची गाडी येडी आहे," सन्मती पुढं म्हणाला. "मलाच सांगत बसायची, तुमची डाव्या बाजूची नजर कमी होतेय, डोळे तपासा. दोनदा जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, घारीचे डोळे आहेत. शेवटी ते निरोपच बंद करून टाकले."

"माझ्यावर गेलाईस तू," अप्पा म्हणाले. तिघंही हसले. विमलताई स्वयंपाकघरातून हसल्या.

* * *

शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये काचेचं काम रुबिना शिकलगार बघत असे. तिशीची, बोलायला चटपटीत. आलेल्या गिऱ्हाइकाला काम समजावून सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"काका, साधी काच असती तर डागात गोंद भरून पाठवलं असतं. ही शिकती काच. हिला भरून चालत नाही."

वेलोराच्या काचेला कंपनीनं काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं, पण गॅरेजवाले तिला शिकती काचच म्हणत. दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही बारीक असा पारदर्शक पापुद्रा. खाली स्टिअरिंगच्या चाकामागं दोन छोटे कॅमेरे, ते रस्त्याकडं बघत नाहीत, चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडं बघतात. बुबुळ कुठं वळलं, कुठं वळायला हवं होतं आणि वळलं नाही, हे ते दर क्षणाला टिपतात. समजा, उजवीकडून सायकल आली आणि तुमची नजर तिकडं गेलीच नाही. काचेला कळतं की ह्या माणसाला त्या कोपऱ्यातलं कमी दिसतं. मग त्या कोपऱ्यातून येणारा उजेड पापुद्रा किंचित वाकवतो आणि सायकल, जिथं तुम्हाला दिसतं त्या बाजूला, जराशी सरकवून दाखवतो. तीही ठळक करून. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच दिसतंय.

"पण शिकलेलं सगळं त्या पापुद्र्यातच राहतं," रुबिना म्हणाली. "कंपनीनं मुद्दाम तसं केलंय. कुणाच्या डोळ्यांची माहिती दुसऱ्याच्या हाती पडायला नको. म्हणून जुनं शिकलेलं नव्या काचेत भरता येत नाही. नवी काच कोरी. तुम्हाला ओळखायला तिला तीन-चार आठवडे लागतील."

"लागू देत की. मला काय घाई?"

तिनं पातळ तार घालून काचेच्या कडेचा डिंक कापला, दोन माणसांनी रबरी मुठी लावून काच उचलली आणि भिंतीशी टेकवून ठेवली. अप्पा तिच्याकडं बघत राहिले. फुटलेली काच एवढी जवळची वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर गेली काही वर्षं गाडी हीच एक जागा होती जिथं त्यांना आपण म्हातारे झालोय असं वाटत नसे. घरात कायम काहीतरी सांडत असे. ताटाशेजारचा तांब्या लवंडे, उंबऱ्यापाशी खांदा चौकटीवर आपटे. "लक्ष कुठं असतं तुमचं?" असं विमलताई दिवसातून एकदा तरी म्हणतच. अप्पा मनातल्या मनात म्हणत, वय झालं. पण चाकावर बसले की रस्ता कसा स्वच्छ, मोकळा. गाडीत बसलं की जणू कुणीतरी डोळे पुसून देई.

नवी काच बसली. डिंक वाळायला वेळ गेला. उन्हं कलली तेव्हा रुबिना पांढऱ्या-काळ्या चौकटींचा एक मोठा फळा ओढत गाडीपुढं आणू लागली.

"आता आणि काय?"

"रस्ता बघणारा कॅमेरा काचेवर असतो ना, काका. काच बदलली की त्याचं निशाण चुकतं. ते जुळवलं नाही तर आडवं कुणी आलं तरी ब्रेक आपोआप लागत नाही. दोन तास लागतील."

अप्पांनी बाहेर पाहिलं. सूर्य उसाच्या शेंड्यांपासून हातभर वर होता. विमल ताट वाढून बसली असणार. आपण नाही पोचलो तर तीही जेवणार नाही, आणि उद्या सकाळपर्यंत दोघांना उपास. असं आजवर झालं नव्हतं.

"उद्या येतो की. जेवणाची वेळ व्हायला लागलीय आमची."

"काका, ब्रेकचं..."

"अगं पोरी, तुझ्या जन्माआधीपासनं साध्या काचेतनं गाडी चालवतोय मी. तवा कोण ब्रेक लावत होतं?"

रुबिनाच्या शेजारीपाजारी जैनांचीच घरं होती. सूर्यास्ताचं जेवण म्हणजे काय हे तिला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच तिनं पुढं आग्रह केला नाही. "हळू जावा," एवढंच म्हणाली.

* * *

वाटेत दोनदा डावीकडून हॉर्न कोकलले. एक मोटारसायकलवाला पुढं येऊन हातवारे करून गेला. 'कसली पोरं ही, कुठनं उगवतात!' अप्पा पुटपुटले. रस्ता त्यांना नेहमीसारखाच दिसत होता. हेच तर या दुखण्याचं कपट असतं. नजरेची कड गेली की तिथं काळोख दिसत नाही, भोकही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ती जागा सारवून टाकतो. अप्पांना डावीकडं मोकळा रस्ता दिसत होता. तिथं जे होतं ते दिसत नव्हतं, इतकंच.

घराच्या बोळात शिरताना त्यांनी दोन छोटे हॉर्न दिले. हा जुना संकेत. विमलताई बाहेर येत, लोखंडी फाटक उघडत. फाटकाची डावी झडप उतारामुळं आपोआप मिटायची, म्हणून ती पाठीनं दाबून त्या तिथंच उभ्या राहत. गाडी त्यांच्यापासून वीतभर अंतरावरून आत जाई. घरात पहिली जीप आली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. सन्मतीनं किती वेळा सांगितलं, एक कडी लावून घ्या. अप्पा म्हणत, तुझी आईच माझी कडी हाय.

अप्पांना उजवी झडप दिसली. फाटकाच्या आतली तुळस दिसली. ओसरीवर मांडलेले दोन पाट दिसले, आणि मावळतीचं पिवळं ऊन. वेळेत आलो म्हणून त्यांना बरं वाटलं. विमल दिसत नाही, झडपेला विटेचा टेकू लावून आत पानं वाढायला गेली असेल, असं मनात येतं न येतं तोच डावीकडं काहीतरी मऊ दडपल्यासारखं झालं. आणि मग झडप लोखंडावर आपटल्याचा आवाज आला.

"अहो," विमलताई म्हणाल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. "अहो, मी हाय इथं."

* * *

मिरजेच्या दवाखान्यात विमलताईंच्या मांडीच्या हाडात सळई घालावी लागली. जीव वाचला. पूर्वीसारखं चालणं होणार नाही, काठी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सन्मती पुण्याहून येईपर्यंत अप्पा बाकावर पाणीसुद्धा न पिता बसून होते.

दुसऱ्या दिवशी त्याच दवाखान्यात त्यांचे डोळे तपासले. डोळ्यांच्या डॉक्टर बाई चांगल्या होत्या, पण त्यांनाही गोड शब्द सापडले नाहीत. "काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याचीही नाकाकडची कड गेली. गेलेलं परत येत नाही, आजोबा. उरलंय ते थेंबांनी टिकवू. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंचसं वाचवता आलं असतं. तुम्हाला जाणवलं कसं नाही? गाडी कशी चालवत होता तुम्ही?"

उत्तर अप्पांनाही ठाऊक नव्हतं.

ते दुपारी रुबिनानं आणून दिलं. अपघाताचं ऐकून ती दवाखान्यात आली तेव्हा रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते. सन्मती औषधं आणायला खाली गेला होता.

"मी तुम्हाला सोडायला नको होतं, काका."

"तुझा काय दोष? मीच ऐकलं न्हाई."

"सकाळी तुमची जुनी काच जोडून बघितली. भट्टीला पाठवायच्या आधी बघावी लागते." ती चाचरत म्हणाली, "डाव्या बाजूचं सगळं चित्र ओढून उजवीकडं आणलेलं होतं तिनं. इतकं ओढलेलं मी कधी बघितलं नाही. तुम्हाला आंधळ्या बाजूनं ती काचच सांभाळत होती. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार. काचेनं कितीतरी वेळा कळवलंय, डोळे दाखवा म्हणून."

"मला न्हाई कळवलं."

"गाडीत दाखवत नाही ती. शेजारी बसलेल्याला कळू नये म्हणून. चालकाच्या फोनवर कळवते. नावानं."

"कुणाच्या?" अप्पांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना आठवलं. स्वयंपाकघरातून आलेलं विमलचं हसू आठवलं. *माझ्यावर गेलाईस तू.*

रुबिनानं नाव सांगितलं. अप्पा भिंतीकडं बघत राहिले. पोरानं दोनदा जाऊन डोळे तपासले होते. टाळाटाळ केली नव्हती, हयगय केली नव्हती. फक्त डोळे चुकीच्या माणसाचे होते. गाडीत रोज कोण बसतं, एवढं एकदा मनात आलं असतं तर! पण ते माझ्या तरी कुठं मनात आलं?

"हे आणि कुणाला ठाऊक हाय?"

"मलाच. काच वितळली की कुणालाच नाही."

"मग वितळू दे," अप्पा म्हणाले. "माझं एवढं काम कर, पोरी. त्याला सांगू नको."

रुबिनानं मान डोलावली. जाताना तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि अप्पांच्या ते उशिरा लक्षात आलं, कारण ती डावीकडून वाकली होती.

* * *

सन्मती औषधं घेऊन वर आला. रात्रभराचं जागरण त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"डोळ्यांच्या डॉक्टर खाली भेटल्या. हे वर्षानुवर्षांचं आहे म्हणतात. अप्पा, तुम्हाला काहीच कळलं नाही? एवढी डावी बाजू जाते आणि..." तो मध्येच थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. "डावी बाजू," तो हळूच म्हणाला. "एक मिनिट. ती गाडी मला..."

अप्पांनी चष्मा काढला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"दिसत न्हाई ते ठाऊक होतं. लई दिवसांपासनं. सांगितलं असतं तर तू गाडी काढून घेतली असतीस. म्हणून न्हाई सांगितलं."

सन्मती बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटायला लागलं तो राग होता, आणि अप्पांना सुटल्यासारखं झालं. राग परवडला.

"ठाऊक होतं? आंधळ्या डोळ्यांनी गाडी चालवत होता? आई रोज त्या फाटकात उभी असायची, अप्पा! त्याच बाजूला!" त्याचा आवाज चिरकला. वॉर्डातली माणसं दारात आली. "लाज नाही वाटली? गाडी! एका गाडीसाठी!"

अप्पांनी मान खाली घातली. आयुष्यात त्यांना कुणी असं बोललं नव्हतं, आणि पोटच्या पोरानं बोलावं असं तर कधीच काही घडलं नव्हतं. सन्मतीनं गाडीची किल्ली मागितली. त्यांनी ती दिली.

रात्री खाटेवरून विमलताईंनी विचारलं, "खरंच ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय."

"खोटं बोलायचं असलं की तुम्ही चष्मा काढता. दुकानात सेल्सटॅक्सवाला आला तरी काढायचात." फोनवरचं ते हसणं त्यांनाही आठवत असणार. "बरं," त्या म्हणाल्या. "मी पण न्हाई सांगत."

* * *

सन्मतीनं गाडी विकली. त्यानंतर तो आईला रोज फोन करी. अप्पांची चौकशी करत नसे. थेंबांच्या बाटल्या मात्र दर महिन्याला पुण्याहून बिनचूक येत. अप्पा सकाळ-संध्याकाळ ते थेंब घालत आणि ओसरीवर बसत. विमलताई काठी टेकत येत आणि मुद्दाम उजव्या बाजूला बसत. फाटकाची डावी झडप सन्मतीनं काढूनच टाकली होती.

पर्युषणात, उपासाच्या आणि क्षमेच्या त्या दिवसांत, तो न कळवता आला. त्या संध्याकाळी अप्पा ओसरीवर एकटेच होते. चपलांचा आवाज आला, मग डावीकडं बाक करकरला.

"कोण? सन्मती?"

"हं."

आत कढीला फोडणी पडली.

"नवी गाडी घेतली मी, तसल्याच काचेची," सन्मती म्हणाला. "काल तिचा पहिला निरोप आला. 'सन्मती, तुमची नजर उत्तम आहे, दोन्ही बाजूंनी.'" तो अडखळला. "मग जुने निरोप काढून बघितले. अप्पा, तारखा बघितल्या. तुम्ही ज्या दिवशी सांगलीला गेला होता, त्याच दिवशी एक आलेला. बाहुबलीला दर्शनाला गेला होता, त्या दिवशी. मी तर तेव्हा पुण्यात होतो. मी गाडीत नव्हतोच."

अप्पा समोर बघत राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" सन्मतीनं विचारलं. "खरं सांगा. तुम्हाला तुमच्या डोळ्यांचं ठाऊक होतं?"

"सांगितलं की तवाच," अप्पा म्हणाले. "ठाऊक होतं मला. तू कळवलं असतंस तरी मी ऐकणार नव्हतो."

हात चष्म्याकडं गेला होता. त्यांनी तो खाली आणून गुडघ्यावर दाबून धरला.

बाक हलू लागला. आधी थोडा, मग जास्त. पोरगा तोंड दाबून रडत होता, लहानपणी रडायचा तसा, आवाज फुटू न देता. मान जराशी वळवली असती तर अप्पांना तो दिसला असता. त्याचा चेहरा पाहायला ते गेले कित्येक महिने आसुसले होते. पण आपण पाहिलं, की त्याला डोळे पुसावे लागतील, सावरावं लागेल, माफी मागावी लागेल. म्हणून त्यांनी मान वळवली नाही. डावीकडं नेहमीसारखीच मोकळी, सारवलेली ओसरी होती, आणि तिथं कुणीच नव्हतं.

फाटकाबाहेर ऊन पिवळं होत चाललं होतं.

"सन्मती," थोड्या वेळानं ते समोर बघतच म्हणाले, "हात-पाय धुऊन घे. दिवस मावळायला आलाय, आई जेवायची थांबलीय."